काळ्या पाषाणासाठी मूस

जालना तालुक्यातील आमच्या शेतात तीन वर्षांपूर्वी विहिरीचे काम निघाले. वरची काळी माती आणि तिच्याखालचा मुरूम सरल्यावर निळसर झाक असलेला घट्ट काळा पाषाण लागला, आणि त्याचे चार तुकडे मी घरी आणून ठेवले. आमच्या भागात हा दगड सगळीकडेच आहे: पायरीला, उंबऱ्याला, जात्याला, बारवेला आणि वेरूळच्या कैलासालाही. मी शाळेत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा, हे वाक्य मी वर्गात कितीदा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. परंतु तो पुन्हा एकदा वितळलेला मात्र मी कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत एक लहान विजेची भट्टी बांधली ती याच एका इच्छेपोटी.

भट्टी पाहायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तापमानाचा विचारतो. मीही सुरुवातीला तोच विचार केला होता. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि तो साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पूर्णपणे वितळतो. कँथलची (विजेने तापणाऱ्या मिश्रधातूची) तार नीट बांधली आणि विटा चांगल्या घेतल्या तर घरगुती भट्टीत १२५० अंश गाठणे कठीण नाही. म्हणजे १३०० अंश सोसणारी कोणतीही मूस, म्हणजे पदार्थ वितळवायचे भांडे, आणली की काम झाले, असे मी गृहीत धरले. हे गृहीतकच चुकीचे होते, आणि ते चुकीचे का, हे कळायला मला दोन वर्षे आणि पाच प्रकारच्या मुशी लागल्या. मुशीच्या खोक्यावर छापलेले तापमान हे ती मूस रिकामी असतानाचे असते. आत काय वितळणार आहे, बाहेर हवा कशी आहे आणि ती किती वेगाने तापणार व निवणार आहे, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

पहिली मूस मी वापरली ती शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी, पांढऱ्या चिनी मातीची, झिलई दिलेली, झाकणासह. अवक्षेप जाळून वजन करण्यासाठी ती उत्तम असते, कारण तिथे तापमान फार तर ८००–९०० अंशांपर्यंत जाते. झिलई दिलेल्या अशा मुशीची मर्यादा सुमारे १०५० अंश आहे. मी ती १२०० अंशांवर एक तास ठेवली. थंड झाल्यावर पाहिले तर झिलई मऊ होऊन मूस खालच्या विटेला चिकटली होती, एका बाजूने कलली होती आणि आतल्या काळ्या रसाने तिच्या भिंतीला तपकिरी कड दिली होती. वीट फोडल्याशिवाय मूस निघाली नाही. दगड मात्र वितळला होता. मुशीच्या तळाशी काळीभोर काच होती आणि तिच्या पातळ कपच्या उजेडात धरल्या तर कडेला गडद मधासारख्या दिसत होत्या. तो तुकडा मी आजही टेबलावर ठेवला आहे.

यानंतर मी दोन माणसांकडे गेलो. एक आमच्या सराफ्यातले वयस्कर सोनार, आणि दुसरा माझा एक जुना विद्यार्थी, जो औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम करतो. जालन्यात भंगार वितळवून सळया बनवणारे कारखाने बरेच आहेत, आणि तिथल्या इंडक्शन भट्ट्यांचे आतले अस्तर कुटून बसवलेल्या सिलिकाच्या (वाळूतल्या मुख्य द्रव्याच्या) भुकटीचे असते. थोडक्यात, ती भट्टी म्हणजे कित्येक टनांची एक मूसच. त्याला मी माझ्या मुशीचे वर्णन सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही डिग्री सांगताय, पण आम्ही आधी माल बघतो. गंजलेलं भंगार जास्त आलं की अस्तर लवकर खाल्लं जातं. डिग्री तीच असते."

हे एक वाक्य मला पुस्तकातल्या पुष्कळ पानांपेक्षा अधिक उपयोगी पडले. गंज म्हणजे लोहाचा ऑक्साइड. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंशांहून अधिक उष्णता लागते आणि फेरस ऑक्साइड सुमारे १३७० अंशांना वितळतो. परंतु ही दोन्ही एकत्र आली की त्यांच्यापासून फायालाइट नावाचे खनिज तयार होते आणि ते १२०५ अंशांनाच वितळते. म्हणजे १७०० अंश सोसणारी भिंत १२०५ अंशांना पाझरू लागते, कारण तिला उष्णता नव्हे तर आतला माल खातो. आता माझ्या दगडाकडे पाहा. त्यात सिलिका निम्मी असते, पण लोहाचे ऑक्साइड शेकडा दहा-पंधराच्या घरात असतात आणि चुना शेकडा दहाच्या आसपास. लोह आणि चुना ही दोन्ही मातीच्या भिंतीला विरघळवणारीच द्रव्ये आहेत. अशा रसाला साधी मातीची मूस देणे म्हणजे मिठाच्या वाटीत पाणी ठेवण्यासारखे आहे.

सोनारकाकांनी मुशीची वागणूक सांगितली. त्यांची मूस लहान, मातीची, तळाशी निमुळती आणि ओठाला किंचित चोच असलेली. नवी मूस ते एकदम धगीत घालत नाहीत. आधी शेगडीच्या कडेला ठेवतात, मग हळूहळू आत सरकवतात. ती लाल झाली की चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) टाकून ती सांडशीत धरून फिरवतात, म्हणजे आतल्या बाजूला काचेचा पातळ लेप बसतो, मातीची छिद्रे बुजतात आणि सोन्याचे कण भिंतीत अडकून राहत नाहीत. टाकणखार ७४३ अंशांना वितळतो आणि धातूंचे ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतो, म्हणून सोने स्वच्छ निघते. तोच टाकणखार जास्त झाला तर मुशीची मातीही विरघळवतो. काकांनी मला एक जुनी मूस दाखवली. तिच्या आत, रसाची पातळी जिथे यायची नेमक्या त्याच उंचीवर, बोटाच्या नखाएवढी खोल खाच गोलाकार पडलेली होती. तळ मात्र जवळपास शाबूत होता. मुशीची झीज सगळीकडे सारखी होत नाही. रस, हवा आणि भिंत या तिघांची जिथे गाठ पडते त्या रेषेवर ती सर्वाधिक होते. तेव्हापासून कोणतीही वापरलेली मूस हातात आली की मी आधी तिची ती रेष बोटाने चाचपतो.

मग मी ग्राफाइटकडे वळलो. आमच्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, मॉर्गनाइट क्रूसिबल इंडिया या कंपनीचा मुशी बनवण्याचा कारखाना आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पितळ आणि ॲल्युमिनियमचे ओतकाम करणाऱ्यांना मात्र ते पुरेपूर ठाऊक असते. ओतकामात वापरतात त्या मुशी बहुधा माती आणि ग्राफाइटच्या, किंवा सिलिकॉन कार्बाइड आणि ग्राफाइटच्या मिश्रणाच्या असतात. ग्राफाइट उष्णता झपाट्याने वाहून नेते, तापल्यावर फारसे प्रसरण पावत नाही आणि वितळलेले तांबे किंवा पितळ त्याला भिजवत नाही, म्हणून रस शेवटच्या थेंबापर्यंत ओतला जातो. घरी तांबे (१०८५ अंश), चांदी (९६२ अंश), पितळ किंवा ॲल्युमिनियम (६६० अंश) वितळवायचे असेल, तर माझ्या मते दुसऱ्या कशाचा विचारच करू नये. माती-ग्राफाइटची मूस घ्यावी.

परंतु ग्राफाइट हा कार्बन आहे, आणि कार्बन उघड्या हवेत ५०० अंशांच्या आसपासच जळायला लागतो. मातीच्या मिश्रणामुळे आणि बाहेरच्या झिलईमुळे तो बराच काळ वाचतो. झिलईला ओरखडा गेला की तिथून भिंत पोखरली जाते. गॅसच्या भट्टीत हवा थोडी कमी ठेवता येते, विजेच्या भट्टीत मात्र ती कायम भरपूर असते. म्हणून या मुशीसाठी मी गॅसची वेगळी लहान भट्टी उभी केली. पितळेचे दोन-तीन ओतीव नग छान निघाले. नंतर त्याच जातीच्या नव्या मुशीत दगडाची भुकटी घातली आणि वेगळाच प्रकार पाहायला मिळाला. रस तापताच बुडबुडे येऊ लागले आणि ते थांबेनात. थंड झाल्यावर मूस फोडली, तर काचेच्या तळाशी मोहरीएवढे चकचकीत करडे मणी होते आणि ते चुंबकाला चिकटत होते. मुशीतल्या कार्बनने दगडातल्या लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतला होता. बुडबुडे कार्बन मोनॉक्साइडचे होते आणि मणी बिडाचे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, पण पुरेसा कार्बन शिरला की ते सुमारे ११५० अंशांनाच पातळ होते. मूस फुटली नव्हती, गळली नव्हती, तरीही ती चुकीची होती, कारण तिने आतला पदार्थच बदलून टाकला होता. मला दगड वितळवायचा होता, त्यातून लोखंड काढायचे नव्हते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्यांना असा प्रयोग करायचा असेल त्यांनी तो उघड्यावरच करावा, बंद पडवीत अजिबात करू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

सिलिकॉन कार्बाइडबद्दलही एक वाक्य पुरे: धातूसाठी ते फार चांगले, पण लोहाचे ऑक्साइड असलेल्या रसापुढे ते टिकत नाही.

यानंतर ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पाळी आली. शुद्ध ॲल्युमिना २००० अंशांहून अधिक तापमानाला वितळते आणि त्याची चांगली मूस १६००–१७०० अंशांपर्यंत बिनधोक चालते. बेसाल्टचा रस त्यालाही विरघळवतो, पण फार सावकाश. दोन-चार तासांच्या कामात झीज डोळ्यांना दिसत नाही. मूस महाग होती, हस्तिदंती रंगाची, टिचकी मारली की काशाच्या वाटीसारखा आवाज देणारी. पहिल्या भाजणीत रस सुरेख झाला. लालपिवळा आणि मधाहून दाट असा तो रस मी भट्टीच्या झरोक्यातून पाहिला, आणि तो ओतून पाहावा या उतावळेपणाने १२३० अंशांवर दार उघडून मूस सांडशीने बाहेर काढली. दोन पावले गेलो असेन. 'टक्' असा अगदी लहान आवाज झाला आणि उभी चीर पडून रस भट्टीच्या उंबऱ्यावर आला. वीट सच्छिद्र होती. रस तिच्यात शिरून खड्डा पडला. हातात जाड चामडी मोजे होते, पायात बूट होते आणि खाली कोरडी वाळू पसरलेली होती, म्हणून मला इजा झाली नाही.

चूक मुशीची नव्हती. ॲल्युमिना तापले की बऱ्यापैकी प्रसरण पावते: दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा हजार अंशांनी तापवला तर सुमारे ०.८ मिलिमीटर वाढतो. तेवढीच लांबी वितळीव सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झच्या मुशीची असेल तर ती जेमतेम ०.०५ मिलिमीटर वाढते. बाहेरची भिंत एकदम निवली आणि आतली तापलेली राहिली की या ०.८ मिलिमीटरचा ताण कुठेतरी निघणारच. ॲल्युमिनाची मूस मिनिटाला तीन ते पाच अंश या गतीने चढवावी आणि त्याच गतीने उतरवावी. तिच्यातून रस ओतण्याचा हट्ट धरू नये. जे काही व्हायचे ते तिच्यातच होऊ द्यावे.

याउलट क्वार्ट्झची मूस लालबुंद असताना पाण्यात टाकली तरी सहसा तडकत नाही. हे ऐकून तीच सर्वोत्तम असे वाटेल, पण तिची दुखणी वेगळी आहेत. साधारण १००० अंशांच्या वर फार वेळ ठेवली की तिची काच हळूहळू स्फटिकरूप होते, पांढुरकी पडते आणि निवताना सुमारे २५० अंशांजवळ त्या स्फटिकांचे आकारमान बदलल्यामुळे तिचे पापुद्रे निघतात. ही क्रिया सोडियम-पोटॅशियमच्या क्षारांमुळे जलद होते, आणि आपल्या बोटांच्या घामात हेच क्षार असतात. म्हणून ती मूस उघड्या हाताने धरू नये. धरली गेलीच तर स्पिरिटने पुसल्याशिवाय तापवू नये. आणि ती सिलिकाच असल्याने माझ्या लोहयुक्त दगडासाठी तिचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

बेसाल्टवर संशोधन करणारे लोक प्लॅटिनमची किंवा त्याच्या मिश्रधातूंची भांडी वापरतात, बेसाल्टचे धागे काढणाऱ्या यंत्रांतही प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या चाळण्या असतात, पण ते आपल्या आवाक्यातले काम नाही. मला राहिली ती माती.

त्यासाठी मी आधी आमच्याच गावच्या कुंभारदादांकडे गेलो. त्यांनी गाळाच्या मातीत घोड्याची लीद मळून दोन सुंदर मुशी करून दिल्या, आणि देतानाच सांगितले की आपली आवी (मडकी भाजायची भट्टी) एवढी तापत नाही, त्यामुळे पुढचे आपण सांगू शकत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. गावची आवी ७००–९०० अंशांपर्यंत जाते. आमच्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारे कण फार असतात. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या वाळणाऱ्या भांड्यालाही पडतात. त्यात लोह आणि चुना, म्हणजे वितळबिंदू खाली ओढणारी द्रव्ये, भरपूर. दोन्ही मुशी ११५० अंशांवर मेणासारख्या बसल्या. ज्या दगडाची झीज होऊन ही माती झाली, तो दगड तिच्यात वितळवायला मी निघालो होतो. दोघांचे स्वभाव एकच असणार हे आधी लक्षात यायला हवे होते.

पण मातीची मूस कमकुवतच असते असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण आमच्या शेजारचाच इतिहास वेगळे सांगतो. नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेलंगणातला निजामाबाद जिल्हा लागतो. तिथल्या कोनासमुद्रम या गावी आणि त्या परिसरात एकोणिसाव्या शतकापर्यंत मुशीत पोलाद बनवत असत, आणि ते घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत. वूट्झ म्हणून जगभर गाजलेले पोलाद ते हेच. पोलादासाठी १३०० अंशांहून अधिक धग तासन्‌तास लागते, आणि ती ज्या मुशींनी सोसली त्या माती आणि भाताच्या तुसाच्या होत्या. तूस जळाल्यावर जी राख उरते ती बहुतांश सिलिका असते. हवा न मिळालेल्या तुसाचा कोळसा होतो आणि तो भिंतीतच राहतो. कार्बन वितळत नसल्याने भिंत मऊ झाली तरी आतून तिला सांगाडा मिळतो. त्या कारागिरांना लोखंडात कार्बन हवाच होता, त्यामुळे काळी मूस त्यांच्या कामाला पोषक होती. माझ्या कामाला तीच मूस मारक ठरली असती. रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंच्या जुन्या भारतीय विद्येत, कामागणिक वेगळी मूषा (मूस) सांगितली आहे. जस्ताच्या खनिजासाठी वांग्याच्या आकाराची, लांब नळीची वृंताकमूषा का, याचे कारण जस्त ९०७ अंशांना वाफ होऊन उडते आणि ती वाफ धरावी लागते, हे आहे.

दुसरे उदाहरण जर्मनीतल्या हेसे प्रांताचे. तिथल्या मुशी कित्येक शतके साऱ्या युरोपात जात, आणि त्यांच्या ताकदीचे कारण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडले: ती चिनी मातीच्या जातीची शुद्ध माती ११०० अंशांच्या वर भाजली की तिच्यात म्युलाइट या खनिजाच्या सुया तयार होतात, एकमेकींत गुंततात, आणि भिंत उष्णतेला, तडकण्याला व रसाला एकाच वेळी टिकते. याचा अर्थ असा की मूस आधी रिकामी, भरपूर वर भाजून घ्यायला हवी. मातीच्या मुशी मात्र मी तोवर कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्याच कामाला लावल्या होत्या.

या आधारावर मी सध्याची मूस तयार केली. चिनी माती चार भाग, भाजलेल्या ॲल्युमिनाची भुकटी तीन भाग आणि जुन्या उष्णतारोधक विटांचा एक मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेला चुरा तीन भाग. चुऱ्यामुळे वाळताना आकसणे कमी होते आणि भेग गेलीच तर ती कणाला अडून थांबते. पाणी कमीत कमी, मिश्रण हातात दाबले तर गोळा व्हावा एवढेच. प्लास्टरच्या साच्यात दाबून आठ मिलिमीटर जाडीची भिंत केली, सावलीत दहा दिवस वाळवली. एप्रिलमध्ये आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर ठेवलेली मूस एका दुपारीत काठापासून तडकते, म्हणून पहिले चार दिवस तिच्यावर ओलसर गोणपाट पांघरले होते. मग रिकामीच १२८० अंशांपर्यंत नेऊन तिथे तीन तास ठेवली. चुरा करताना आणि चाळताना साधा रुमाल पुरत नाही, सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. धुळीसाठीचा खरा मुखपट्टा वापरावा.

आकाराबद्दल एवढेच सांगतो की मूस वजनाने नव्हे, आकारमानाने निवडावी. शंभर मिलिलिटर रसाचे वजन ॲल्युमिनियमचे सुमारे २४० ग्रॅम, तांब्याचे ८०० ग्रॅम आणि चांदीचे ९३० ग्रॅम भरते. म्हणजे एकाच मुशीसाठी सांडशी आणि मनगट वेगवेगळ्या तयारीचे लागते. काठोकाठ कधीच भरू नये, पाऊण मूस ही कमाल. दगडाच्या बाबतीत मी निम्म्याच्या वर जात नाही, कारण आमच्या पाषाणात जे पांढरे डोळे असतात ती बहुधा झिओलाइट खनिजे असतात, त्यांच्यात पाणी बांधलेले असते आणि तापताना ती फसफसून उकळी येते. झिओलाइट या ग्रीक नावाचा अर्थच उकळणारा दगड असा आहे. एकदा असा दगड न निवडता कुटल्यामुळे रस काठावरून उतू गेला होता. आता मी डोळे नसलेले तुकडेच घेतो आणि भुकटी हप्त्याहप्त्याने घालतो.

ज्यांना ॲल्युमिनियम वितळवायचे आहे त्यांच्यापैकी अनेक जण लोखंडी पाइपाला तळ जोडून मूस करतात. लोखंड ६६० अंशांना वितळत नाही हे खरे, पण वितळलेले ॲल्युमिनियम लोखंडाला विरघळवते आणि एके दिवशी तळाला भोक पडते. त्यामुळे तसे करू नये असेच माझे मत आहे. उलट कॉस्टिक सोडा वितळवायचा असेल तर चिनी माती, क्वार्ट्झ हे सगळे बाद होते आणि निकेलची मूसच उपयोगी पडते.

ओलावा हा सर्वांचा समान शत्रू आहे. माती-ग्राफाइटची मूस पावसाळ्यात हवेतले पाणी शोषून घेते. ती एकदम तापवली तर भिंतीतल्या वाफेने झिलईचे कपचे उडतात. वापरण्यापूर्वी ती दोनशे अंशांपर्यंत हळूहळू शेकून घ्यावी. धातूची थंड, ओली कांब वितळलेल्या रसात टाकणे हे तर जिवावरचे काम आहे, कारण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढते. मुशीत धातूचा रस थिजू देऊ नये. थिजलेला धातू पुन्हा तापताना मुशीच्या आधी फुगतो आणि तिला आतून फोडतो. आणि आपल्याकडच्या घरांत अंगणात, पडवीत सगळीकडे शहाबादी फरशी असते, तिच्यावर भट्टी मांडू नये. तो चुनखडीचा थरांचा दगड आहे. रस सांडला की त्याचे कपचे फटाक्यासारखे उडतात. सिमेंटचा कोबाही तसाच. खाली चार बोटे कोरडी वाळू हवी.

घरी केलेल्या त्या मुशीत आजवर सात भाजण्या झाल्या. प्रत्येक वेळी १२४० अंश, दीड तास, आणि नंतर भट्टीतच निवणे. तिसऱ्या वेळी रस इतर वेळांपेक्षा सावकाश थिजला आणि काचेऐवजी मूळ दगडासारखाच मंद, कणीदार काळा गोळा झाला. तो मुशीला धरून बसला होता, पण पुढच्या भाजणीत सुटला आणि मुशीला चीर पडली नाही. सातव्या भाजणीनंतर रसरेषेवर खाच हाताला लागू लागली, तेव्हा मी ती वापरणे थांबवले आणि फरशी कापणाऱ्या मिस्त्रींकडून पाणी सोडत उभी कापून घेतली. कापलेल्या बाजूला भिंत बाहेरून मळकट पांढरी आहे. आतल्या अंगाला तपकिरी काच भिंतीत शिरलेली दिसते, तळाशी दीड मिलिमीटर आणि रसरेषेवर तीन मिलिमीटर, म्हणजे आठातले पाच शिल्लक. तपकिरी पट्टा जिथे संपतो तिथे विटेचा एक कण अर्धा विरघळलेला, अर्धा शाबूत असा भिंगातून स्पष्ट दिसतो. नव्या तीन मुशी गोणपाटाखाली वाळत आहेत, आणि त्यांच्या भिंती त्या एका रेषेपाशी बारा मिलिमीटर जाड ठेवल्या आहेत.